रंग सगळ्यात शेवटी

ग्रँड रॅपिड्स, मिशिगन

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, फोटोही पाहिले. हिरवा रंग मारलेला पॉवरमॅटिक ६६ टेबल सॉ (टेबलातून पातं वर येणारी करवत) दिसतोय झकास, पण एवढ्या फोटोंत टेबलाखाली कॅमेरा घालून काढलेला एकही नाही. मला ट्रनियन, म्हणजे पातं आणि मोटर पेलणारे खालचे बिडाचे भाग, बघायचे होते आणि तू रंग दाखवलास. उद्या गिऱ्हाईकही हेच म्हणेल, निदान ज्याला कळतं ते. लाकूडकामाची जुनी यंत्रं दुरुस्त करून विकायच्या या धंद्यात नवे येणारे बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात, कारण ते काम लगेच डोळ्यांत भरतं. रंग सगळ्यात शेवटी. वेळ उरला नाही तर नाही मारला तरी चालतो.

तू विचारलंयस, एकेक यंत्र दुरुस्त करून विकावं की आख्खी कार्यशाळा उभी करून द्यावी. माझं मत विचारशील तर आख्खी. सुटा टेबल सॉ विकायला काढलास की गाठ पडते ती चार ठिकाणचे भाव बघून आलेल्या माणसाशी. तो घासाघीस करणारच, आणि त्याचं काही चुकत नाही. कार्यशाळा घेणारा माणूस वेगळा. नोकरी सोडून किचन कॅबिनेटचं काम सुरू करणारी बाई, निवृत्त झालेला दंतवैद्य, फर्निचर शिकवणारी छोटी संस्था. यंत्रं शोधा, मोटारी जुळवा, तीन फेजच्या (कारखान्याच्या) विजेची भानगड निस्तरा, यात त्यांना दोन वर्षं घालवायची नसतात. बटण दाबलं की काम सुरू, असा गाळा त्यांना हवा असतो आणि त्याचेच ते पैसे मोजतात.

म्हणून खरेदी करतानाही डोळ्यांसमोर आख्खा गाळा ठेव. चोवीस इंची ऑलिव्हर प्लेनर (फळी एका जाडीची करणारं यंत्र) स्वस्तात मिळाला म्हणून उड्या मारशील, पण शेजारी सहा इंची जॉइंटर (फळीची बाजू आणि कड सपाट करणारं यंत्र) असेल तर तो प्लेनर अर्धा शोभेलाच. फळीची एक बाजू आधी सपाट झाली नसेल, तर प्लेनरचे रूळ तिला दाबून सरळ करतात आणि बाहेर आली की ती पुन्हा वाकडी. बारा इंची जॉइंटर मिळेपर्यंत तो सेट अपुराच समज.

माल कुठून येतो हे कळलं की काय तपासायचं हेही कळतं. हे गाव एकेकाळी अमेरिकेच्या फर्निचरची राजधानी म्हणवून घ्यायचं. ऑलिव्हर कंपनी १८९० मध्ये इथेच सुरू झाली, टॅनेविट्झही इथलीच. पुढे फर्निचर आधी नॉर्थ कॅरोलिनाकडे आणि मग आशियाकडे गेलं, आणि कारखाने रिकामे झाले. त्यांची यंत्रं दणकट, पण दोन-दोन पाळ्या राबलेली. फीड रोलर गुळगुळीत झालेले, सरकपट्ट्या झिजलेल्या. दुसरा साठा हायस्कूलांचा. सुतारकामाचे वर्ग बंद पडले की शाळा यंत्रं लिलावात काढते. ती फारशी चाललेली नसतात, पण पोरांनी टेबलावर नावं कोरलेली असतात आणि माइटर गेजची (कोनात कापायच्या सरकत्या आधाराची) खाच ठोकून ठोकून रुंद झालेली असते.

तिसरा साठा माझ्या सर्वांत आवडीचा, पॅटर्न शॉपचा. डेट्रॉइटच्या फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करणारी दुकानं सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रं) आल्यावर एकामागोमाग बंद झाली. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातले पॅटर्न करणारे मिस्त्री आठव. बीड थंड होताना किती आकसेल याचा हिशेब धरून पाव सूतही इकडंतिकडं होऊ न देणारी माणसं. इथले पॅटर्नमेकरही त्याच जातकुळीचे. त्यांच्या हाताखालच्या यंत्राला तेल वेळेवर मिळालेलं असतं, आणि डिस्क सँडरचं टेबल अजून गुण्यात असतं.

यंत्र बघायला जाशील तेव्हा खिशात छोटी हातोडी ठेव. बिडाचा भाग हलकेच ठोकून पाहा. अखंड बीड खणखणतं, तडा असेल तर आवाज बद्द येतो. टेबल सॉमध्ये मोटर ट्रनियनला लटकलेली असते. वाहतुकीत यंत्र आडवं पडलं किंवा आपटलं की तडा बहुधा तिथेच जातो. टॉर्च घेऊन खाली झोप आणि बघ. आणताना मोटरखाली लाकडी ठोकळा घाल, म्हणजे तिचं वजन ट्रनियनवर येणार नाही. युनिसॉ (डेल्टा कंपनीचा टेबल सॉ) फार जुना असेल तर मोटर मूळची आहे का तेही पाहा. त्या जुन्या, 'बुलेट' म्हणतात त्या मोटरची बसवण्याची पद्धतच वेगळी, त्यामुळे ती जळली तर बाजारातली मोटर सरळ बसत नाही.

जॉइंटरवर जास्त वेळ घालव. लांब स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) दोन्ही टेबलांवर मिळून ठेवायची आणि खाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) सरकवायचा. टेबलाच्या मध्यात चार-पाच थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) खड्डा असेल तर सोडून दे, फळीला तो कळतही नाही. घातक असतात खाली झुकलेली टोकं. तिरक्या सरकपट्ट्या झिजल्या की टेबलाचं बाहेरचं टोक पडतं, आणि मग फळीच्या कडा कधीच एकमेकींना भिडत नाहीत. लोक अशी टेबलं उचलून ग्राइंडिंगला नेतात. गरज नसते. सरकपट्टीच्या खालच्या टोकाशी पातळ पितळी पत्रा घालून टेबल उचलता येतं. दोन थाऊचा पत्रा घाल, जिब (सरकपट्टीची ढिलाई काढणारी पट्टी) आवळ, माप. पुन्हा सैल कर, एक थाऊ वाढव, पुन्हा माप. संध्याकाळ जाते, पण ग्राइंडिंगचा खर्च वाचतो आणि मूळचं बीड शाबूत राहतं.

बॅबिटच्या (मऊ मिश्रधातू ओतून केलेल्या) बेअरिंगला घाबरून सौदे सोडू नकोस. इतर लोक घाबरतात, म्हणूनच ती यंत्रं भंगाराच्या भावात मिळतात. जुनं बॅबिट ठीक असेल तर शिम (मधले पातळ पत्रे) काढून ढिलाई कमी केली की भागतं. नव्याने ओतायचंच झालं तर शाफ्ट आणि बेअरिंगचं घर दोन्ही चांगली गरम कर. गार बिडावर ओतलेलं बॅबिट लगेच गोठतं आणि मध्ये सांधा राहतो. ओल कुठेही नको, पाण्याचा थेंब असला तर वितळलेला धातू तोंडावर उडतो. शाफ्टला काजळी धर म्हणजे तो चिकटणार नाही. धातू तयार झाला का ते पाइनच्या काडीने बघायचं. बुडवून काढल्यावर काडी करपून तपकिरी व्हायला हवी. पेटली तर धातू फार तापला. मग एका दमात ओत, मध्ये थांबू नकोस. त्या बेअरिंगला नेहमी पातळ मशीन ऑइल, ग्रीस नाही, हे गिऱ्हाइकाला लिहूनही दे.

चौकोनी डोक्याचा (डोकं म्हणजे पाती धरून फिरणारा दांडा) जॉइंटर मात्र कितीही देखणा असला तरी चालू यंत्र म्हणून विकायचा नाही. त्या डोक्याच्या सपाट बाजूंमुळे टेबलाच्या ओठाशी मोठी फट पडते आणि बोट आत ओढलं जातं. गोल डोकं बसवता आलं तर बसव, नाहीतर संग्रहालयवाल्यांना दे. जुना रंग शिशाचा असू शकतो, त्यामुळे कोरडा घासून धूळ करू नकोस. गंज काढायला धुण्याचा सोडा आणि वीज वापरणार असशील तर पाण्यात सोडायचं दुसरं टोक साध्या लोखंडाचं घे. स्टेनलेसने विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

आता वीज. आख्ख्या कार्यशाळेचा फायदा इथेच दिसतो. ही यंत्रं तीन फेजची आणि घराला एकच फेज. एकच यंत्र असेल तर व्हीएफडी (एका फेजवरून तीन फेज देणारं, मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) लावून मोकळं व्हावं. सात-आठ यंत्रं असली की एक रोटरी फेज कन्व्हर्टर (फिरत्या मोटरच्या मदतीने तिसरी फेज तयार करणारा) सगळ्यांना पुरतो, आणि त्याचा आकार सर्वांत मोठ्या मोटरवरून ठरतो. एक गोष्ट इलेक्ट्रिशियनही विसरतात. स्टार्टरची कॉइल आणि कंट्रोल ट्रान्सफॉर्मर मूळच्या दोन तारांवरच जोडायचे, कन्व्हर्टरने तयार केलेल्या तिसऱ्या तारेवर नाही. त्या तारेचं व्होल्टेज लोडप्रमाणे हलतं आणि कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला विजेवर चालणारा स्विच) कुरकुरत बसतो. व्हीएफडी लावलास तर यंत्राचा जुना स्विच त्याच्या आणि मोटरच्या मध्ये ठेवू नकोस. चालू लोडमध्ये कोणी तो दाबला की व्हीएफडी गेला.

मोटरची नेमप्लेट वाचल्याशिवाय बोली लावायची नाही. ऑन्टारिओहून आलेली यंत्रं ५७५ व्होल्टची निघतात, मग वेगळा ट्रान्सफॉर्मर आला. फिलाडेल्फियाकडच्या जुन्या कारखान्यांत दोन फेजची वीज होती, तिथल्या मोटरवर तसंच लिहिलेलं सापडेल. आणि डायरेक्ट ड्राइव्हच्या (पट्ट्याशिवाय मोटरवरच फिरणाऱ्या) काही शेपरवर, म्हणजे लाकडाच्या कडांना नक्षीचा आकार देणाऱ्या यंत्रांवर, १२० सायकल असतं. लोक ते बघून पळतात, पण आजचा व्हीएफडी १२० हर्ट्झ सहज देतो. असा शेपर स्वस्तात उचलावा.

गाळ्याचं बघायला स्वतः जा, गिऱ्हाइकाच्या फोनवर विसंबू नकोस. जमीन काँक्रीटची की खाली तळघर आहे? ३६ इंची बँडसॉ टनभराचा असतो, तो लाकडी तुळयांवर उभा करायचा नाही. दार किती रुंद, छत किती उंच? टेबल सॉच्या मागे आणि पुढे आठ फुटी प्लाय मोकळा फिरला पाहिजे. जॉइंटर आणि प्लेनर शेजारी ठेव, फळी त्यांच्यातच ये-जा करते. जुन्या यंत्रांना भुसा ओढायची सोय नसते. पत्र्याचे हूड आपणच करायचे आणि सहा इंची पाइप न्यायचा. चार इंची पाइप प्लेनरला पुरत नाही. गार्ड आणि स्प्लिटर (कापलेली फट मिटू न देणारी पात्यामागची पट्टी) हरवले असतील तर तेही सौद्यातच धर, वेगळे पैसे लावू नकोस.

प्रत्येक यंत्राची एक फाइल कर. नेमप्लेटचा फोटो, बेअरिंगचे नंबर, पट्ट्यांची मापं, वायरिंगचा नकाशा. ब्रेझिंग केलेला (पितळ वितळवून सांधलेला) तडा असेल तर तोही त्यात लिही आणि रंगाखाली लपवू नकोस. सांगितलेला तडा गिऱ्हाईक चालवून घेतं, सापडलेला नाही.

बयाणा यंत्रं जमवायला सुरुवात करण्याआधी घे, मोठा हप्ता माल ट्रकवर चढताना, आणि शेवटचा हप्ता गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने खडबडीत मेपलची फळी चारही बाजूंनी सरळ करून बघितल्यावर. उतरवायला फोर्कलिफ्ट लागणार का आणि तिचं भाडं कोण भरणार, हे मात्र बयाण्याच्या कागदावरच लिहून घे. त्यावरून ट्रकशेजारी उभं राहून झालेली भांडणं मी पाहिली आहेत.

तुझा,
काका