‘देवाचे प्रतिरूप’: मग ‘प्रतिमा’ का नाही?

नागपुरातील सदर भागात एका ख्रिस्ती स्नेह्याच्या घरच्या लग्नविधीत ‘देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपात निर्माण केले’ हे वाक्य ऐकून एका वाचकाने विचारले आहे की, येथे ‘प्रतिमा’ हा परिचित शब्द का नाही, आणि निराकार देवाला ‘रूप’ कसे चालते.

हे वचन बायबलातील ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील (१:२६-२७) असून यहुदी आणि ख्रिस्ती या दोन्ही धर्मांना ते प्रमाण आहे. मूळ हिब्रूतील ‘त्सेलेम’ आणि ‘दमूत’ या शब्दांच्या जागी मराठी बायबलात ‘प्रतिरूप’ आणि ‘सदृश’ येतात. ‘त्सेलेम’ हा खरे तर अगदी ठोस शब्द आहे. गणना या पुस्तकात ज्या ओतीव मूर्ती नष्ट करण्याची आज्ञा आहे, त्यांनाही तोच लावलेला आहे. म्हणजे ‘प्रतिमा’ हा शब्द चुकीचा ठरला नसता. परंतु आपल्याकडे प्रतिमेला हार घालतात (नागपुरातील कोणतीही जयंतीची पत्रिका पाहावी, ‘प्रतिमेस माल्यार्पण’ असतेच), आणि मूर्तिपूजा निषिद्ध मानणाऱ्या ग्रंथात मनुष्याविषयी बोलताना हा अर्थ आडवा आला असता.

रूपाच्या शंकेचे उत्तर बाराव्या शतकातील यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीस यांनी दिले आहे: येथे ‘त्सेलेम’ म्हणजे देहाचा आकार नव्हे, तर मनुष्याची बुद्धी.

‘प्रतिरूप’ मात्र अगदी निर्धोक नाही. कठोपनिषदातील ‘रूपं रूपं प्रतिरूपो बभूव’ ज्याच्या कानात आहे, त्याला एकच आत्मा प्रत्येक रूपात त्या त्या रूपाचा झाला, असा अर्थ ऐकू येईल. उत्पत्तीतील दिशा नेमकी उलट आहे. तेथे मनुष्य देवासारखा घडवला जातो, देव मनुष्याचे रूप घेत नाही, आणि निर्माता व निर्मित यांतील अंतर कायम राहते.

पाचव्या अध्यायात हेच दोन शब्द आदाम आणि त्याचा मुलगा शेथ यांच्याविषयी येतात, तेव्हा अर्थ अधिक मोकळा होतो. आपण मुलगा ‘बापाच्या वळणावर गेला’ म्हणतो, जवळपास तसा. म्हणूनच मला ‘प्रतिरूपात’ खटकते, कारण सप्तमीच्या ‘त’मुळे मनुष्य साच्यात ओतल्यासारखा वाटतो. ‘आपल्या प्रतिरूपाचा मनुष्य’ ही षष्ठीची रचना मराठीला अधिक मानवते.