वकिलाचा 'अशील' आणि एजंटचा कोण?

प्रश्न असा आहे: करारनाम्याचा मराठी अनुवाद करताना 'एजंट'साठी अभिकर्ता हा शब्द मिळतो, पण ज्याच्या वतीने तो काम करतो त्या 'प्रिन्सिपल'ला काय म्हणावे? 'मालक' चालेल का?

माझ्या मते 'मालक' नको. समजा, परदेशातल्या भावाने पुण्यात फ्लॅट विकत घ्यायला बहिणीला मुखत्यारपत्र दिले. इथे भाऊ प्रिन्सिपल आहे, पण फ्लॅटचा मालक अजून विकणाराच आहे. शिवाय 'मालक' म्हटले की समोर नोकर उभा राहतो. भारतीय करार कायद्याच्या (१८७२) कलम १८२ ला तेवढेच नाते अभिप्रेत नाही. दुसऱ्यासाठी एखादे काम करायला किंवा तिसऱ्याशी व्यवहार करताना त्याचे प्रतिनिधित्व करायला नेमलेला तो एजंट, आणि ज्याच्यासाठी हे होते तो प्रिन्सिपल. कलम १८५ प्रमाणे त्यासाठी मोबदलाही लागत नाही. बहीण एक रुपया न घेता एजंट होऊ शकते.

खरे तर या जोडीसाठी नेमके शब्द मराठीत आधीपासून आहेत, आणि ते मला फार आवडतात: वकील आणि अशील. दोन्ही मूळचे अरबी. 'वकील' म्हणजे ज्याच्यावर काम सोपवले तो. पेशवाईत परदरबारी राहणारा प्रतिनिधीही वकीलच. आणि 'असील' म्हणजे मूळ माणूस, ज्याचे काम आहे तो. 'अस्सल' त्याच कुळातला. संस्कृत 'अ + शील'शी त्याचा काही संबंध नाही, त्यामुळे 'अशील' म्हणण्यात कोणाचा अपमान नाही. पुढे वकील कोर्टापुरता उरला आणि त्याच्याबरोबर अशीलही आक्रसला.

आज करारात 'अशील' लिहिले तर वाचणाऱ्याला कोर्टच आठवेल. म्हणून मी त्याचा अर्थ घेऊन 'मूळ पक्ष' लिहीन आणि पहिल्या उल्लेखात व्याख्या देईन. मुखत्यारपत्रात मात्र रूढ 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' हेच ठेवा.

'एजंट'साठी 'दलाल' सरसकट वापरू नका. दलाल दोन पक्षांची गाठ घालून देतो, पण तेवढ्याने त्याला कोणाच्या वतीने सही करता येत नाही. मुखत्याराला येते, आणि अधिकारात राहून केलेली त्याची सही मूळ पक्षाला बांधते.

जाता जाता: 'कुळमुखत्यार' नव्हे, 'कुलमुखत्यार'. हा 'कुल' म्हणजे अरबी 'कुल्ल', सगळे. जमीन कसणाऱ्या कुळाचा इथे संबंध नाही.