दोन फुटी टँकमधली कोरल : वाचकांचे प्रश्न

मार्चपासून आलेल्या पत्रांमध्ये कोरल, म्हणजे प्रवाळ, ठेवलेल्या छोट्या खाऱ्या टँकबद्दलची पत्रं बरीच आहेत. बहुतेकांकडे दोन बाय एक बाय एक फुटाचा टँक आहे. मापाने तो ५६ लिटरचा भरतो. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी ४५ लिटरच्या आसपासच उरतं. खालचे सगळे हिशेब या ४५ लिटरचे आहेत.

प्रश्न : टँकमध्ये झोआ (गादीसारखी पसरणारी छोटी कोरल) आणि एक लेदर कोरल (चामड्यासारखं मऊ कोरल) आहे. फेब्रुवारीपर्यंत छान उघडत होती. आता दुपारी पाणी ३१ अंशांवर जातं आणि दोन्ही मिटूनच असतात. पातळी उतरली की मी लगेच मिठाचं तयार पाणी भरतो. तरी रिफ्रॅक्टोमीटर (खारेपण मोजायचं उपकरण) ३९ दाखवतो. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घ्यावाच लागेल का? (कोथरूड)

चिलरचं नंतर, आधी पातळीचं बघू. टँकमधून उडून जातं ते निव्वळ पाणी, मीठ आतच राहतं. त्यावर पुन्हा मिठाचं पाणी ओतलं की दर वेळी थोडं मीठ वाढतं. ३५चे ३९ पीपीटी (हजार भागांत इतके भाग मीठ) असेच झाले आहेत. एप्रिलमधली पुण्याची कोरडी हवा आणि वर पंखा, म्हणजे एवढ्या टँकमधून दिवसाला लिटर-सव्वा लिटर पाणी सहज जातं. ही रोजची भर आरओच्या गोड्या पाण्याचीच हवी. काचेवर मार्करने रेघ मारा आणि सकाळ-संध्याकाळ पाणी त्या रेघेपर्यंत आणा. तीन दिवसांचं एकदम भरू नका. साडेतीन लिटर उडालं की ३५चं खारेपण ३८वर पोचतं, आणि एका दमात पाणी ओतलं की तितकंच झटक्यात खाली येतं. छोट्या टँकमधली कोरल बहुतेक वेळा या हेलकाव्यांनीच दमतात. खारेपण कायम ३४ किंवा कायम ३६ असलं तरी ती निभावून नेतात.

आता ३९ वरून खाली यायचं. रोज टँकमधलं सव्वा लिटर पाणी काढा आणि तेवढंच आरओचं घाला, एका वेळी साधारण एक पीपीटी उतरेल. चार दिवस लागू द्या.

त्याआधी रिफ्रॅक्टोमीटर खरं सांगतोय ना, ते पाहा. नुसत्या गोड्या पाण्यावर शून्य लावून भागत नाही, ३५च्या जवळ तो दोन-तीन अंकांनी चुकू शकतो. ९६३.५ ग्रॅम आरओच्या पाण्यात ३६.५ ग्रॅम साधं मीठ पूर्ण विरघळवा. या पाण्याचा थेंब ३५ दाखवायला हवा. नसेल दाखवत तर स्क्रू फिरवून रेघ ३५वर आणा. हे पाणी फक्त तपासणीसाठी, टँकमध्ये घालायचं नाही.

उष्णतेला पुण्यात पंख्याचा उतारा चांगला लागू पडतो, कारण आपला उन्हाळा कोरडा आहे. टँकवरची काच काढा, मासे उडी मारू नयेत म्हणून जाळी टाका आणि छोटा पंखा पाण्यावर तिरपा लावा. दोन-तीन अंश उतरतात. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा पंखा एवढा चालत नाही, पण तेव्हा गरजही फारशी नसते. दिवे ऐन दुपारी लावू नका, संध्याकाळी ४ ते रात्री ११ ठेवा. म्हणजे दिव्यांची उष्णता आणि दुपारचा उकाडा एकत्र येत नाहीत. एखाद्या दिवशी फारच तापलं, तर गोठवलेली अर्ध्या लिटरची बंद बाटली पाण्यावर तरंगत सोडा. तेवढ्याने ४५ लिटर पाणी साधारण सव्वा अंश उतरतं. एका वेळी एकच बाटली. पाणी २५ ते २७मध्ये राहिलं तर उत्तम. एवढं करूनही रोज २९च्या वर जात असेल तर मात्र चिलरला पर्याय नाही.

प्रश्न : स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरतो, तरी काचेवर आणि वाळूवर सतत तपकिरी थर येतो. मशीन नवीन आहे. (वाघोली)

मशीन नवीन असल्यामुळेच शंका येते. पिण्याच्या आरओमध्ये चव यावी म्हणून मेम्ब्रेनच्या (क्षार अडवणाऱ्या पडद्याच्या) पुढे टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. तो मेम्ब्रेनला वळसा घालून आलेलं थोडं पाणी गाळलेल्या पाण्यात परत मिसळतो. शिवाय मिनरलचं कार्ट्रिज असतं. हल्ली काही मशीनमध्ये तांब्याचंही येतं, आणि ते सगळ्यात वाईट. कोरल, गोगलगाई, कोळंबी यांना तांबं अगदी थोडं असलं तरी मारक ठरतं. दगड आणि वाळू ते शोषून ठेवतात, त्यामुळे नंतर पाणी बदलूनही ते पटकन निघत नाही.

मेकॅनिकला सांगून मेम्ब्रेनच्या तोंडाशीच एक टी (तीन तोंडांचा जोड) बसवून घ्या. कंट्रोलर आणि मिनरलच्या आधी निघालेली ती नळी डीआय रेझिनच्या (उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांच्या) कार्ट्रिजमधून न्या. रंग बदलणारं रेझिन घेतलंत तर ते कधी संपलं हे डोळ्यांना दिसतं. शेवटी टीडीएस शून्य यायला हवा. मशीन रात्रभर बंद असेल तर पहिलं अर्धा लिटर पाणी झाडांना घाला, त्यात क्षार जास्त असतात.

पाणी कुठून येतं यावरही रेझिन किती टिकेल ते ठरतं. खडकवासल्याचं पाणी मुळात हलकं असतं. सोसायटीत टँकर किंवा बोअर सुरू झालं की गणित बदलतं. चांगली मेम्ब्रेन ९५ टक्क्यांच्या आसपास क्षार अडवते, म्हणजे १०० टीडीएसचे ५ होतात आणि ८००चे ४०. या ४०मध्ये सिलिकेट आणि नायट्रेटही असू शकतं. तपकिरी थर बहुधा डायटम या सूक्ष्म शैवालाचा आहे आणि त्याला सिलिकेट लागतं. थर पुसत बसण्यापेक्षा टीडीएस मीटर आणा, त्याचा उपयोग जास्त आहे.

प्रश्न : टोडस्टूल (भूछत्रासारखं) लेदर आठ दिवसांपासून मिटलेलं आहे. वर मेणासारखी चकाकी आली आहे. मेलं का? (सिंहगड रस्ता)

नाही, ते कात टाकतंय. लेदर अधूनमधून असं करतं. आधी पॉलिप (टोपीवरचे बारीक फुलांसारखे जीव) आत ओढून घेतं, मग टोपी गुळगुळीत आणि निस्तेज होते. वर दुधावरच्या सायीसारखा पातळ पापुद्रा धरतो, त्यावर कधी हिरवट शेवाळही चढतं. काही दिवसांनी तो कडेने सुटायला लागतो आणि प्रवाहात तुकड्या-तुकड्याने निघून जातो. खाली नवी, जराशी फिकी टोपी दिसते. तिच्यावरच्या बारीक टिपक्यांमधून पॉलिप एकेक करून वर येतात. आठवडा, कधी दोन आठवडे जातात.

बोटाने किंवा ब्रशने खरवडू नका. वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप) थोडा वळवून प्रवाह टोपीवरून जाऊ द्या, म्हणजे पापुद्रा अडकून राहत नाही. ४५ लिटरला तासाला ५०० ते ९०० लिटर फिरवणारा पंप पुरतो. लेदर पाण्यात जी रसायनं सोडतं त्यांचा शेजारच्या कोरलना त्रास होतो, म्हणून या दिवसांत अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन ताजा ठेवा.

काळजी कधी करायची? देठ एका बाजूला मऊ पडून काळा-तपकिरी होत असेल, हात लावल्यावर गळून येत असेल आणि कुजका वास येत असेल तेव्हा. मग धारदार ब्लेडने सडका भाग निरोगी मांसापर्यंत कापून काढा आणि उरलेला भाग चांगल्या प्रवाहात ठेवा.

प्रश्न : केएच (पाण्याची क्षारता) ६.५ आहे, कॅल्शियम ४२०. दुकानदाराने कॅल्शियम, आयोडीन, स्ट्रॉन्शियम अशा बाटल्या दिल्या आहेत. रोज किती घालू? (वाकड)

बाटल्या कपाटात ठेवा. मऊ कोरल कॅल्शियम फारसं खात नाहीत, आणि तुमचं ४२० उत्तम आहे. ज्याची टेस्ट किट घरात नाही ते टँकमध्ये घालायचं नाही, आयोडीन तर नाहीच. आठवड्याला ५ लिटर पाणी बदललंत की बाकीचे घटक त्यातूनच मिळतात. सॉल्ट मिक्स लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम लागतं. पाण्यात मीठ घाला, मिठावर पाणी ओतू नका, नाहीतर कॅल्शियम कार्बोनेट पांढरं होऊन तळाशी बसतं.

केएच मात्र ८पर्यंत आणायला हवं. त्याला खायचा सोडा पुरेसा आहे. १०० लिटर पाण्यात ३ ग्रॅम सोड्याने केएच एक अंश वाढतं. म्हणजे तुम्ही दोन दिवस रोज १ ग्रॅम ग्लासभर आरओच्या पाण्यात विरघळवून पंपाच्या धारेत हळूहळू सोडा आणि तिसऱ्या दिवशी परत मोजा. बेकिंग पावडर चालणार नाही, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतो.

प्रश्न : नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य ठेवले आहेत, तरी झोआ फिकट पडत चालली आहेत. (औंध)

शून्य आहे म्हणूनच फिकट पडत आहेत. कोरलच्या अंगातल्या सूक्ष्म शैवालाला हे दोन्ही थोडे हवे असतात. नायट्रेट ५च्या आसपास आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ राहू द्या. फॉस्फेट शोषणारं माध्यम काढा, स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) रात्री बंद ठेवा, माशांना एक वेळ जास्त खायला घाला. शून्यावर फार दिवस राहिलं तर डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव येतात. ते बुडबुडे अडकलेल्या तपकिरी शेंबडासारखे दिसतात आणि घालवायला महिनोन्‌महिने लागतात.

प्रश्न : मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचे दगड आणले तर चालतील का? (हडपसर)

नाही. कठीण सांगाड्याची सगळी प्रवाळं, काळी प्रवाळं आणि समुद्रपंखे यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही उचलायचा नाही. मालवणला तर सागरी अभयारण्यच आहे. या सदरात आम्ही फक्त मऊ कोरलबद्दल सांगतो, त्याचं कारणही हेच. सिरॅमिकचे सच्छिद्र दगड घ्या. अमोनियाने सायकल करायला, म्हणजे उपयोगी जिवाणू वाढायला, चार ते सहा आठवडे द्या, जिवाणू त्यावरही तितकेच चांगले बसतात.

प्रश्न : झोआ एका दगडावर फार पसरली आहेत. दगड उकळून साफ करू का? (कर्वेनगर)

कृपा करून उकळू नका. झोआ आणि विशेषतः त्यांच्या जातभाईत, पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असू शकतं. उकळल्याने ते नष्ट होत नाही, वाफेबरोबर श्वासात जातं आणि घरातले सगळे आजारी पडू शकतात. गरम पाणी ओतणं, कोरडा दगड ब्रशने घासणं, मायक्रोवेव्हमध्ये ठेवणं, हे काहीच करायचं नाही.

झोआ काढायची तर दगड टँकबाहेर बादलीतल्या खाऱ्या पाण्यात बुडवा आणि पाण्याखालीच पातळ पात्याने गादीची कड उचलत जा. हातात नायट्राइल मोजे आणि डोळ्यांवर बंद चष्मा हवाच, कारण कापताना चिळकांडी उडते. हाताला जखम असेल तर त्या दिवशी काम पुढे ढकला. मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना लांब ठेवा. बादलीतलं पाणी टँकमध्ये परत ओतू नका, त्यात ब्लीच घालून काही तासांनी मोरीत सोडा. नंतर तोंडाला कडवट-धातूसारखी चव, स्नायूंना पेटके, धाप किंवा डोळ्यांची आग जाणवली तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा आणि पॅलिटॉक्सिन हा शब्द डॉक्टरांना सांगा.