आजी ते नाव घेत नव्हत्या

“मुलाचं नाव जुन्या वळणाचं ठेवलं तर शाळेत चिडवतील का हो?” हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. त्याचं उत्तर छोटंसं आहे, ते आधीच देऊन टाकते. चिडवतील. मुलं कुठल्याही नावावरून चिडवतात. आमच्या वर्गातल्या सरिताला अख्खं वर्ष ‘च्याकरिता’ म्हणत, आणि सरिता हे काही विचित्र नाव नव्हे. आईबाप ते नाव न लाजता उच्चारतात की नाही, एवढं मूल बरोबर टिपतं. बाकी ते निभावून नेतं.

पण हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांचं भांडण बहुतेक वेळा नावाचं नसतंच. गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका कुटुंबाबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नाव तेवढं बदललेलं नाही, ते बदललं तर सांगण्यासारखं काही उरतच नाही.

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतलं घर. मूळ गाव पाटण तालुक्यात. सासऱ्यांनी आधी मशीद बंदरला आणि बाजार इकडे आल्यावर वाशीला पाठीवर पोती वाहिली. दोन वर्षांपूर्वी ते वारले. मुलगा इंजिनिअर, ऐरोलीत नोकरीला. बाळ सहा आठवड्यांचं झालं होतं आणि बारसं अडलं होतं.

पहिल्या भेटीला नवरा-बायको आले. बोलत होता तो. ती बाळाच्या झबल्याची नाडी बोटाला गुंडाळत बसली होती. “मॅडम, आईला समजवा. तिला बाबांचं नाव ठेवायचंय. माझं अख्खं कॉलेज त्या नावात गेलं. हजेरीला पूर्ण नाव पुकारायचे आणि मागच्या बाकावरून कोणीतरी दगड आपटल्याचा आवाज काढायचं.” मग त्याने फोनवरची यादी दाखवली. पंचवीसेक नावं, सगळ्यात वर ‘रेयांश’. अर्थाच्या रकान्यात ‘संस्कृत, विष्णूच्या किरणाचा अंश’.

(इथे जरा थांबते. ‘रे’ म्हणजे किरण हा अर्थ इंग्रजीतला. संस्कृतात ‘रै’ आहे, त्याचा अर्थ धन. नवं नाव घडवायला माझी काहीच हरकत नाही, नावं अशीच घडत आली आहेत. त्याला खोटी वंशावळ मात्र चिकटवू नये. त्या दिवशी हे मी बोलले नाही.)

मी माझा ठेवणीतला तोडगा पुढे केला. दोन नावं ठेवा, एक कागदावर, एक घरात. आपल्याकडे ही जुनीच रीत आहे. लोकमान्य टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव, पण जन्मभर ते बाळच राहिले. नवरा म्हणाला, “घरातसुद्धा नको.” बायको काहीच बोलली नाही. तिच्या गप्प बसण्याकडे मी तेव्हाच नीट पाहायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात आजीही आल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी, पिशवीत माझ्यासाठी घेवडा. मी विचारलं, “आजी, कोणतं नाव ठेवायचं म्हणता?”

“ह्यांचंच.”

“त्यांचं नाव काय होतं?”

आजींनी मुलाकडे पाहिलं. मुलाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. सुनेने मान खाली घातली, सासऱ्यांचं नाव तीही कशी घेणार? ज्या नावावरून घर सहा आठवडे पेटलं होतं, ते नाव माझ्या खोलीत अर्धा तास कोणी उच्चारलंच नाही. शेवटी मी म्हटलं, “मग उखाण्यात घ्या.” आजी पदर तोंडाला लावून हसल्या, आणि घेतलाच.

“कोयनामाईच्या काठाला दगडांची रास, धोंडिबारावांचं नाव घेते म्याडमसाठी खास.”

धोंडिबा. खरं सांगते, माझ्या कपाळावर आठी आली. त्याचं कारण माझ्या घरात आहे. माझ्या वडिलांचं नाव कचरू होतं. आमच्या वस्तीत धोंड्या, कचऱ्या, केऱ्या घरटी एक. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावांचा नियमच आहे: ब्राह्मणाचं नाव मंगलवाचक, क्षत्रियाचं बलवाचक, वैश्याचं धनवाचक आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे किळस येईल असं. वडिलांनी नोकरीला लागल्यावर राजपत्रात छापून नाव बदललं आणि नवी सही करायला एक पूर्ण वही भरवली. त्यामुळे असलं नाव हौसेने मागणारं कोणी समोर आलं की माझी मान ताठ होते. समुपदेशकाला हे स्वतःशी कबूल करावं लागतं, नाहीतर समोरच्याचं ऐकू येत नाही.

कारण याच नावाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. घरात मुलं जगत नसली की पुढच्या मुलाचं नाव मुद्दाम हलकं ठेवायचं. दगडू, धोंडू, केरू, भिकाजी. काळाला वाटावं, हे काय न्यायचं, धोंडा तर आहे. कुठे बाळाला केरात लोळवून उचलायचे, कुठे शेजारणीच्या ओटीत टाकून तिच्याकडून भीक मागून परत घ्यायचे. आणि हे खालच्या म्हटलेल्या जातींपुरतं नव्हतं. १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंत. टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना छत्रे. १८५८ साली जन्मून शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळवणारे महर्षी कर्वे हे धोंडो केशव. बंगालात असं मूल कवड्यांना विकत घेतल्याचं नाटक करत, त्यातून तीनकडी, पाचकडी ही नावं आली. जपानच्या हिदेयोशीसारख्या सत्ताधीशानेही थोरल्या मुलाला ‘टाकलेला’ अशा अर्थाचं बाळनाव दिलं होतं. तो लहानपणीच गेला, तर पुढच्याला ‘सापडलेला’. एकच नाव एका घरात ताईत असतं आणि दुसऱ्या घरात डाग. माझ्या वडिलांच्या बाबतीत दोन्ही असेल का, हे विचारायला आता माझी आजी नाही.

धोंडिबा नाव पाळण्यातून गेलं ते केवळ गावठी वाटतं म्हणून, असं मला पटत नाही. १९७१ मध्ये देशात दर हजार बाळांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात १६ वर. लसी आल्या, दवाखान्यात बाळंतपणं होऊ लागली आणि काळाला फसवायची गरज कमी झाली. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, त्यात जन्मला म्हणून धोंडू, असंही काही घरांत असे. तेही मागे पडलं. त्या नावाचे लोक आता बहुतेक मधल्या नावात सापडतात, समोरच्या या इंजिनिअरसारखे.

मी आजींना विचारलं, “त्यांचं नाव कुणी ठेवलं होतं?”

“माझ्या सासूनं. हेंच्या आधीची दोन पोरं गेली व. तिसऱ्याला हे नाव ठिवलं आन् एकाहत्तर वरसं जगलं.”

मुलगा चिडून म्हणाला, “आई, त्या काळी डॉक्टर नव्हते. आता काय भीती आहे?”

आजी त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघून बोलल्या. “पहिल्याला नाव नव्हतं, म्याडम. बिननावाचं पोर कुणी बी उचलून नेतं.”

खोलीत कोणी हललं नाही. मग सून पहिल्यांदा बोलली. “आई, तुम्हाला आठवतो तो?”

या नवरा-बायकोला याआधी पहिलं बाळ झालं होतं आणि नवव्या दिवशी गेलं होतं. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं होतं. दवाखान्याच्या कागदांवर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव, एवढंच. घरी आल्यावर सगळ्यांनी ठरवून टाकलं की तिच्यासमोर विषय काढायचा नाही. कुणीतरी सल्ला दिला होता, विसरा आणि पुढच्याची तयारी करा. नवऱ्याला वाटत होतं, आपण तिला जपतोय. आजींना वाटत होतं, सून विसरली, बरं झालं. आणि ती सांगत होती, “मी रोज मोजते. आज तो एकवीस महिन्यांचा असता.”

आता सहा आठवड्यांचं भांडण मला उलगडलं. नवऱ्याच्या मते आई हट्टाला पेटून बारसं लांबवत होती. आजींच्या दृष्टीने बाळाचा प्रत्येक दिवस बिननावाचा चालला होता, म्हणजे प्रत्येक रात्र धोक्याची. त्या रात्री उठून पाळण्याशी बसत. सून जागीच असे, पण डोळे मिटून पडे. दोघी एकाच भीतीने जाग्या आणि एकमेकींशी चकार शब्द नाही.

त्या दिवशी नावावर आम्ही पुढे काही बोललोच नाही. उरलेला वेळ पहिल्या बाळाबद्दल बोललो. त्याला जावळ किती होतं, उजव्या कानामागे तीळ होता. तीळ होता हे आजींनी सांगितलं. नवरा खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ तिथेच होता.

उठण्याआधी मी एक व्यवहाराची गोष्ट सांगितली, ती तुम्हीही लक्षात ठेवा. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण त्या नोंदीत नाव असलंच पाहिजे असं नाही. नोंदीनंतर बारा महिन्यांत ते विनाशुल्क घालता येतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आजींना वाटत होतं की नाव नाही म्हणजे सरकारदरबारी बाळच नाही. मुलाने नोंदणीची पावती पाकिटातून काढून दाखवली, तेव्हा त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. आणखी एक: १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर राज्यात मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं. हे ऐकून सून किंचित हसली.

तोडगा माझा नव्हता, तिचा. बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा ठेवतात, त्याला कुंची घालून पाळण्याच्या वरून-खालून फिरवतात आणि ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणतात, ते तुम्ही पाहिलं असेल. चार दिवसांनी तिचा फोन आला. “मॅडम, वरवंट्याचं नाव आईंनी ठेवलं तर?” मी गप्पच झाले. दगडाला बाळ करून आधी पाळण्यात घालायचं, ही रीत मी लहानपणापासून बघत आले होते आणि धोंडिबा नावाशी तिचा मेळ मला एकदाही सुचला नव्हता.

रविवारी बारसं झालं. आत्याने कानात ‘रेयांश’ म्हणून कुर्र केलं. त्याआधी वरवंटा फिरला. आजींनी त्याच्यावर वाकून काहीतरी पुटपुटलं, कुणालाच ऐकू आलं नाही. सरळ होताना मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “बघा, पाळण्यात पयला धोंडाच जातो.”

त्यानंतर सून एकटी तीनदा आली, पहिल्या बाळासाठी. ते काम वेगळं आहे आणि अजून चालू आहे. नवरा एकदाच आला. वडिलांचं नाव आपण फॉर्मवर नुसतं ‘डी.’ लिहितो, एवढं सांगून गेला.

साडेतीन महिन्यांच्या लसीच्या दिवशी तिने महापालिकेच्या दवाखान्यातून फोन केला. आवाजात हसू होतं की रडू, मला कळेना. परिचारिकेने रेयांश, रेयांश म्हणून दोनदा पुकारलं आणि ही आपली बाकावर बसूनच, ध्यानातच आलं नाही. तेव्हा शेजारून आजींनी कोपर मारलं. “उठ की गं, आपल्या धोंडिबाला बोलवत्यात.”

“मॅडम,” ती म्हणाली, “उखाणा न घेता.”