वाचकांचे प्रश्न : नवा फुटबॉल गेम जुन्याला मागे टाकेल का?

'यूएफएल' या मोफत फुटबॉल गेमची ओळख गेल्या अंकात करून दिल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या वसतिगृहात दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे असे की, 'यूएफएल' फुकट आहे, त्यात क्रिस्तियानो रोनाल्डोने पैसा घातला आहे, म्हणजे 'ईए स्पोर्ट्स एफसी'चे (पूर्वीच्या 'फिफा' गेमचे) दिवस भरले. दुसरा तट म्हणतो, फुकट वाटून कोणी राजा होत नाही. निवाडा करावा.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुसऱ्या तटाची बाजू बळकट आहे, पण त्यांनी दिलेले कारण अपुरे आहे. फुकट किंवा स्वस्त वाटून प्रतिस्पर्ध्याला घाम फोडता येतो, हे याच क्षेत्रात एकदा घडलेले आहे. २००४ साली अमेरिकन फुटबॉलवर बेतलेला 'ईएसपीएन एनएफएल २के५' हा गेम अवघ्या २० डॉलरला बाजारात आला, तेव्हा ईए या कंपनीचा त्याच खेळावरचा 'मॅडन' त्याच्या दुपटीहून अधिक किमतीला विकला जात होता. नवा गेम खेळायलाही उत्तम असल्यामुळे ईएला हंगामाच्या मध्यावर आपली किंमत ३० डॉलरपर्यंत खाली आणावी लागली. मात्र त्याच वर्षीच्या डिसेंबरात ईएने एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्याशी केवळ आपल्यालाच हक्क देणारा करार केला आणि पुढच्या वर्षी त्या स्वस्त गेमला खऱ्या संघांसह मैदानात उतरण्याची सोयच उरली नाही. किमतीच्या लढाईचा निकाल असा करारनाम्यावर लागला.

आता 'यूएफएल'कडे पाहू. स्ट्रायकर्झ या कंपनीने तो ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केला, पुढे तो अनेकदा लांबणीवर पडला आणि अखेर ५ डिसेंबर २०२४ रोजी प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सच्या नव्या पिढीच्या कन्सोलवर आला. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ४ कोटी डॉलरच्या गुंतवणुकीत रोनाल्डोचा वाटा आहे, हे तुमच्या मित्रांचे म्हणणे खरे आहे. पण ही रक्कम ऐकायला मोठी वाटते तेवढी ती या धंद्यात मोठी नाही. ईएच्याच अहवालानुसार मार्च २०२१ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीला एकट्या 'अल्टिमेट टीम' या मोडमधून, म्हणजे पत्त्यांच्या पॅकप्रमाणे खेळाडू जमवण्याच्या प्रकारातून, १.६२ अब्ज डॉलर मिळाले होते आणि तो कंपनीच्या एकूण उत्पन्नाचा २९ टक्के भाग होता. त्यात इतर खेळांचेही गेम येतात, तरी मोठा हिस्सा फुटबॉलचाच आहे. या पैशातून काय विकत घेता येते, तेही पाहावे. 'एफसी २४'साठी ईएने व्यावसायिक फुटबॉलच्या १८० हून अधिक सामन्यांतील हालचालींची नोंद वापरली. खेळाडू वळताना खांदा कसा टाकतो, धावता धावता तोल कसा सावरतो, हे पडद्यावर पटण्यासाठी लागणारा हा साठा नव्या कंपनीने एका-दोन वर्षांत उभा करणे जवळजवळ अशक्य आहे. 'यूएफएल' पहिल्यांदा हाती घेतल्यावर खेळाडू काहीसे ताठर वाटतात, त्यामागचे कारण कौशल्याच्या अभावापेक्षा या साठ्याच्या अभावात शोधावे, असे आम्हाला वाटते.

परवान्यांचा पेच याहून अवघड आहे. खेळाडूंची नावे व चेहरे साधारणपणे फिफप्रो या त्यांच्या जागतिक संघटनेमार्फत मिळतात, पण क्लबचे बोधचिन्ह, गणवेश आणि स्टेडियम यांचे हक्क क्लबकडे किंवा त्या त्या लीगकडे असतात. 'यूएफएल'ने फिफप्रोशी करार केला, वेस्ट हॅम आणि शाख्तार दोनेत्स्क यांसारख्या काही क्लबांशी हातमिळवणी केली आणि उरलेली उणीव युक्तीने झाकली : खेळणाऱ्याने स्वतःचाच क्लब काढावा, त्याला हवे ते नाव व चिन्ह द्यावे आणि त्यात खरे खेळाडू भरावेत. कल्पना चांगली आहे, पण तिला मर्यादा आहेत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार यांचा सामना दोन्ही संघांना बिननावाच्या पांढऱ्या जर्सी घालून खेळवला, तर खेळ तोच राहील, पण निम्मे प्रेक्षक मध्यंतरालाच घरी जातील. लिव्हरपूलच्या चाहत्याला सालाह स्वतःच्या काल्पनिक संघात नको असतो, तो त्याला लाल जर्सीत आणि अ‍ॅनफील्डवरच हवा असतो.

तरीही ईएला हरवता येत नाही, असा निष्कर्ष काढू नये. बास्केटबॉलमध्ये ती हरलेली आहे. 'एनबीए लाइव्ह' ही तिची मालिका एके काळी अग्रभागी होती. २०१० मध्ये तिने नियंत्रणपद्धतीपासून सारे बदललेला 'एनबीए एलिट ११' तयार केला, त्याच्या नमुन्यातील हास्यास्पद चुकांची जगभर थट्टा झाली आणि ऐन तोंडावर आलेला गेम कंपनीला रद्द करावा लागला. त्याच हंगामात 'एनबीए २के११' मायकल जॉर्डनला मुखपृष्ठावर घेऊन आला आणि तेव्हापासून आजतागायत ती जागा त्याच मालिकेकडे आहे. येथे दोन गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या होत्या : जुना गेम स्वतःच्या पायांनी अडखळला आणि खरे संघ वापरण्याचा परवाना प्रतिस्पर्ध्याकडेही होता. 'यूएफएल'च्या बाबतीत पहिली गोष्ट अजून घडलेली नाही आणि दुसरी त्याच्या हातात नाही. म्हणून आमचा कौल ईएच्या बाजूने आहे.

प्रश्न : 'प्रो इव्होल्यूशन सॉकर' अर्थात 'पेस' हा खेळायला 'फिफा'पेक्षा सरस होता, हे आमच्या पिढीतील कोणीही सांगेल. मग तो का हरला? चांगला गेम जिंकत नाही, असे समजायचे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चांगला गेम जिंकला होता, हे आधी नोंदवू या. प्लेस्टेशन २ च्या काळात, विशेषतः २००५ आणि २००६ च्या आवृत्त्यांत, कोनामीचा 'पेस' जाणकारांच्या मते पुढेच होता. त्यात परवाने नसल्यामुळे मँचेस्टर युनायटेडला 'मॅन रेड' आणि लिव्हरपूलला 'मर्सीसाइड रेड' म्हणावे लागे, त्याआधीच्या एका आवृत्तीत तर रॉबेर्तो कार्लोस हा 'रॉबेर्तो लार्कोस' होऊन खेळत असे, तरी लोकांनी ते चालवून घेतले, कारण पासचे वजन आणि चेंडूची उसळी खरी वाटत होती. खरी नावे गेममध्ये भरणारी 'ऑप्शन फाइल' कोणीतरी मेमरी कार्डावर आणून देई आणि उरलेले काम 'पेस ६' मधील इंटर मिलानच्या आद्रियानोचा डावा पाय करीत असे. (तीस यार्डांवरून त्याने मारलेला फटका गोलरक्षकाला अडवता येत नसे. त्यामुळे काही ठिकाणी इंटर मिलान घेण्यावरच बंदी होती आणि ती योग्य होती.)

पराभवाचे बीज प्लेस्टेशन ३ मध्ये आहे. नव्या कन्सोलसाठी पाया नव्याने घालण्याऐवजी कोनामीने जुनेच बांधकाम ओढत नेले. प्लेस्टेशन ३ वरील 'पेस २००८' अडखळत चाले आणि ऑनलाइन सामने तर बहुतेक वेळा खेळण्यासारखे नसत. त्याच काळात ईएच्या व्हँकुव्हरमधील चमूने 'फिफा' मुळापासून लिहायला घेतला आणि 'फिफा १०' मध्ये चेंडू कोणत्याही कोनातून वळवण्याची मुभा दिली, तेव्हा मैदानावरील श्रेष्ठत्वही हातचे गेले. यापूर्वी परवाने ईएकडे आणि खेळ कोनामीकडे अशी वाटणी होती. ती मोडल्यावर 'पेस'कडे सांगण्यासारखे फारसे काही उरले नाही, आणि २००९ मध्ये आलेल्या 'अल्टिमेट टीम'मुळे खेळणाऱ्यांनी जमवलेला संघच त्यांना जुन्या घराशी बांधू लागला.

पुढे २०१४ नंतर 'पेस' पुन्हा चांगला झाला होता. २०१६ ते २०१९ या काळातील त्याच्या आवृत्त्या आजही खेळून पाहाव्यात अशा आहेत. पण तोपर्यंत मित्रमंडळी 'फिफा'वर गेली होती, आणि ज्या गेममध्ये समोर बसायला कोणी नाही तो कितीही देखणा असला तरी महिन्याभरात कपाटात जातो. त्यानंतर ३० सप्टेंबर २०२१ रोजी कोनामीने मालिकेचे नावच बदलून 'ईफुटबॉल' मोफत आणला, तेव्हा त्यात मोजकेच संघ होते, मोड जवळजवळ नव्हते आणि खेळाडूंचे चेहरे इतके विद्रूप होते की त्यांची छायाचित्रे विनोद म्हणून फिरली. स्टीम या संगणकीय दुकानावर तो त्या वेळचा सर्वांत वाईट अभिप्राय मिळालेला गेम ठरला. सावरलेली १.० आवृत्ती यायला एप्रिल २०२२ उजाडला. मोफत असल्याने लोक क्षमा करतील, हा हिशेब तेव्हा चुकला होता आणि 'यूएफएल'च्या मालकांनी तो नीट अभ्यासला असावा, कारण त्यांनी वारंवार तारखा पुढे ढकलल्या पण अर्धवट गेम लोकांच्या हाती दिला नाही.

प्रश्न : 'फिफा २२' मध्ये आमचा एफसी गोवा प्रथमच दिसला, तेव्हा घरात सोहळाच झाला. पुढे ईएने फिफाचे नाव गमावले. नाव गेल्यावरही गेम टिकतो, हे कसे? फिफाने दुसऱ्याला नाव दिले तर तो जिंकेल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : इंडियन सुपर लीगचा करार फिफाशी नव्हता, म्हणून 'एफसी २४' मध्येही एफसी गोवा राहिला. तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यातच आहे. १९९३ पासून चाललेल्या भागीदारीतून ईएला मुख्यतः एक नाव आणि विश्वचषक स्पर्धा मिळत होती. क्लब, लीग आणि खेळाडू यांचे ३०० हून अधिक करार तिने स्वतंत्रपणे केले होते. वृत्तपत्रीय माहितीनुसार फिफाने चार वर्षांसाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मागितली आणि मे २०२२ मध्ये दोघे वेगळे झाल्याचे जाहीर झाले. फिफाच्या नावाचा गेमच सर्वोत्तम राहील, असे तिचे अध्यक्ष जानी इन्फान्तिनो यांनी तेव्हा सांगितले होते. प्रत्यक्षात, पूर्ण आकाराचा तसा गेम न काढता फिफाने २०२४ मध्ये आपली ई-विश्वचषक स्पर्धा कोनामीच्या 'ईफुटबॉल'वर भरवली, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तिचे नाव पंचवीस-तीस वर्षे लढले त्याच्याच घरी.

नाव आणि गेम यांची फारकत झाल्यावर लोक कोणाबरोबर जातात, याचे उदाहरण फुटबॉलच्याच गेममध्ये आहे. 'चॅम्पियनशिप मॅनेजर' हा व्यवस्थापनाचा गेम स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह ही संस्था बनवी आणि आयडॉस ही कंपनी प्रकाशित करी. दोघांचे फाटले तेव्हा नाव आयडॉसकडे गेले, तर संगणकीय संहिता आणि खेळाडूंच्या माहितीचा प्रचंड साठा निर्मात्यांकडे राहिला. निर्मात्यांनी २००४ च्या अखेरीस 'फुटबॉल मॅनेजर' काढला, आयडॉसने २००५ मध्ये जुन्या नावाने चुकांनी भरलेला गेम काढला, आणि काही वर्षांतच ते जुने नाव बाजारातून दिसेनासे झाले.

एका क्लबचा परवाना हिरावूनही फारसे बिघडत नाही. २०१९ मध्ये कोनामीने युव्हेंटसचे एकाधिकार मिळवले, तेव्हा 'फिफा २०' मध्ये तो संघ 'पिएमोंते काल्चो' या तोतया नावाने खेळला. रोनाल्डो त्याच संघात असूनही 'फिफा' सोडून 'पेस'कडे लोंढा गेला नाही. प्रीमियर लीगसारखी संपूर्ण लीग हलली, तर मात्र चित्र बदलेल.

प्रश्न : माझा मुलगा 'एफसी'मधील पॅकसाठी सतत पैसे मागतो. 'यूएफएल'मध्ये पैशाने जिंकता येत नाही असे तो म्हणतो. मी त्याला तोच खेळू द्यावा का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : आपला मुलगा अर्धे खरे सांगतो आहे. न्याय्य खेळ हे 'यूएफएल'चे घोषवाक्य आहे आणि त्यात हवा तो खेळाडू नशिबावर न सोडता थेट बाजारातून घेता येतो, हा पॅकपेक्षा निश्चितच प्रामाणिक व्यवहार आहे. पण गेमला उत्पन्न हवे असल्याने खऱ्या पैशाने घेण्याचे चलन तेथेही आहे. पॅकमध्ये पैसे देताना काय मिळणार हे ठाऊक नसते, आणि नेमक्या याच कारणासाठी बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये अशा पॅकवर आक्षेप घेतला व ईएला जानेवारी २०१९ पासून त्या देशात पॅकसाठीच्या पॉइंटची विक्री थांबवावी लागली. आपण कन्सोलवरील पालक-नियंत्रणात खर्चाची मर्यादा शून्य ठेवावी आणि कार्डाची माहिती जतन करू नये. मग मुलगा कोणता गेम खेळतो, याची आपल्याला फारशी काळजी करावी लागणार नाही. 'एफसी'तील करिअर मोडमध्ये पॅकची गरजच पडत नाही, हेही त्याला जरूर सांगावे.

प्रश्न : माझ्याकडे कन्सोल नाही, फक्त फोन आहे. या भांडणात मी कोणाची बाजू घेऊ?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : कन्सोलवरचे भांडण तुमच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण फोनवर सामना 'ईफुटबॉल' आणि 'एफसी मोबाइल' यांच्यात आहे, आणि तेथे कोनामी मागे पडलेली मुळीच नाही. दोन्ही मोफत आहेत. अकरा जणांचा संथ, पास रचून खेळला जाणारा सामना आवडत असेल तर 'ईफुटबॉल' घ्या, बसथांब्यावर दोन मिनिटांत गोल करायचे असतील तर 'एफसी मोबाइल'. वर्गातील बहुतेक मित्र यांपैकी एकावर आधीच असतील, तर आमचे मत बाजूला ठेवून तोच घ्यावा.