प्राणी शिकतात तेव्हा मेंदूत काय बदलते?

प्रश्न : पावलॉव्ह यांच्या प्रयोगात आवाज आणि अन्न वारंवार लागोपाठ आल्यावर कुत्र्याला नुसत्या आवाजानेच लाळ सुटू लागली. दोन घटना पुरेशा वेळा एकत्र घडल्या की मेंदू त्यांची आपोआप सांगड घालतो, असे यावरून समजावे काय? ही सांगड मेंदूत नेमकी कुठे आणि कशी साठवली जाते?

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते तसे का आहे यातच या विषयाचे खरे मर्म आहे. रॉबर्ट रेस्कोर्ला यांनी १९६८ मध्ये उंदरांना ठरावीक ध्वनी ऐकवून त्यासोबत विजेचे सौम्य झटके दिले. त्या ध्वनीची उंदरांना भीती बसली. परंतु ज्या उंदरांना ध्वनी नसतानाही झटके तितक्याच प्रमाणात बसत राहिले, त्यांच्यात ध्वनी आणि झटका अनेकदा एकत्र येऊनही अशी भीती निर्माण झाली नाही. ध्वनीमुळे झटक्याविषयी काहीच नवे कळत नव्हते, म्हणून मेंदूने त्याची दखल घेतली नाही. याच सुमारास लिऑन कामिन यांनी दुसरी महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. ध्वनीनंतर झटका बसतो हे उंदीर आधीच शिकलेला असेल आणि नंतर त्या ध्वनीच्या जोडीला दिवाही लावला, तर दिवा आणि झटका कितीही वेळा एकत्र येऊनही उंदीर दिव्याला फारसा घाबरत नाही, कारण झटक्याची पूर्वसूचना त्याला ध्वनीतून मिळालेलीच असते.

याउलट पुष्कळ पुनरावृत्तीची गरजच नसते, असेही आढळते. नवीन चवीचे पाणी प्यायल्यावर काही तासांनी मळमळ झाली, तर उंदीर एकाच अनुभवाने ती चव टाळू लागतो. मात्र जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग यांनी १९६६ मध्ये दाखवल्याप्रमाणे, आजारपणाचा संबंध तो चवीशी सहज जोडतो, पण प्रकाशाशी किंवा आवाजाशी जोडत नाही. विजेच्या झटक्याच्या बाबतीत हे नेमके उलटे घडते. थोडक्यात, प्राणी सोबत घडणाऱ्या गोष्टींची नोंद ठेवत नसून कोणत्या गोष्टीवरून पुढचे काय कळते याचा अंदाज बांधत असतात, आणि तो अंदाज चुकला की शिकतात.

हा ‘चुकलेला अंदाज’ मेंदूत प्रत्यक्ष मोजता येतो. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मध्यमेंदूतील डोपामिन हे रसायन स्रवणाऱ्या चेतापेशींचा अभ्यास केला. अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की या पेशी जोमाने सक्रिय होत. रसापूर्वी एक खूण नेहमी दिसू लागल्यावर मात्र त्या रसाऐवजी खुणेला प्रतिसाद देऊ लागल्या, आणि खूण दिसूनही रस मिळाला नाही तर नेमक्या त्या क्षणी त्यांची क्रिया मंदावली. २०१३ मध्ये तर कामिन यांच्यासारख्याच मांडणीत, या वेळी झटक्याऐवजी बक्षीस वापरून, योग्य क्षणी प्रकाशाच्या साहाय्याने या पेशी कृत्रिमरीत्या सक्रिय करण्यात आल्या, आणि एरवी दुर्लक्षित राहणारी खूणही उंदीर शिकले. डोपामिनला सरसकट ‘आनंदाचे रसायन’ म्हणणे किती अपुरे आहे, हे या प्रयोगांवरून लक्षात यावे.

आता साठवणुकीविषयी. ध्वनीमुळे निर्माण होणारी भीती शिकण्यात अमिग्डला या भागाचा वाटा मोठा असतो, कारण ध्वनीचे आणि वेदनेचे संदेश तेथे एकाच पेशींपर्यंत पोहोचतात. अशा पेशींच्या अनेक चेतासंधींवर, म्हणजे एका चेतापेशीकडून दुसरीकडे संदेश जातो त्या जोडांवर, एनएमडीए नावाचे ग्राही (संदेश स्वीकारणारे रेणू) असतात. त्यांच्या मार्गात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. एकीकडून ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन आले आणि त्याच वेळी पेशी दुसऱ्या प्रबळ संदेशाने उत्तेजित झालेली असली, तरच हे बूच निघते आणि कॅल्शियम आत शिरते. त्यानंतर त्या चेतासंधीवर ग्लुटामेटचे आणखी ग्राही बसवले जातात आणि पूर्वी दुबळा असलेला ध्वनीचा संदेश पेशीला स्वबळावर चेतवू लागतो. ही स्मृती दीर्घकाळ टिकायची असेल, तर नव्या प्रथिनांची निर्मितीही व्हावी लागते. मात्र सगळ्या स्मृती अमिग्डलामध्ये असतात असे नव्हे. ध्वनी ऐकताच पापणी मिटण्यास शिकलेल्या सशाच्या अनुमस्तिष्कातील (मेंदूच्या मागच्या, खालच्या भागातील) विशिष्ट केंद्राला इजा झाली, तर हे शिकलेले पापणी मिटणे नष्ट होते, पण डोळ्यावर हवेचा झोत आल्यास पापणी पूर्वीप्रमाणेच मिटते.

प्रश्न : कीटकांचा मेंदू इतका लहान असतो. त्यांचे वागणे केवळ जन्मजात असते, की तेही अशा प्रकारे शिकतात?

उत्तर : निश्चितपणे शिकतात. विजेच्या झटक्यासोबत दिलेला वास फळमाशी पुढे टाळते, हे सीमोर बेन्झर यांच्या प्रयोगशाळेत १९७४ मध्ये सिद्ध झाले. पुढे तेथेच ‘डन्स’ नावाच्या जनुकात दोष असलेल्या आणि शिकण्यात कच्च्या असलेल्या माश्या सापडल्या. हे जनुक पेशीतील सायक्लिक एएमपी या संदेशवाहक रेणूचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) तयार करते. हाच रेणू एरिक कँडेल यांना ॲप्लिसिया या समुद्री गोगलगायीच्या अध्ययनातही महत्त्वाचा असल्याचे आढळले होते, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. माशीच्या मेंदूत झटक्याची सूचना डोपामिनमार्फत पोहोचते आणि त्या वासाकडे जाण्यास प्रवृत्त करणाऱ्या चेतासंधी दुबळ्या होतात. म्हणजे स्मृती चेतासंधी बळकट होऊनच तयार होते असेही नाही.

प्रश्न : ध्वनीनंतर झटका देणे बंद केले की प्राण्याची भीती हळूहळू जाते. मग मूळ स्मृती पुसली गेली, असे म्हणावे काय?

उत्तर : नाही, बहुतेक वेळा ती शाबूत असते. या प्रक्रियेला विलोपन म्हणतात, परंतु काही काळ मध्ये गेल्यावर विलोपित प्रतिसाद आपोआप परततो, हे स्वतः पावलॉव्ह यांनीच नोंदवले होते. भीती एका पिंजऱ्यात निर्माण झाली आणि तिचे विलोपन दुसऱ्या पिंजऱ्यात झाले, तर पहिल्या पिंजऱ्यात परतताच ती पुन्हा दिसते. म्हणजे ‘हा ध्वनी आता, येथे, निर्धोक आहे’ अशी दुसरी स्मृती तयार होते. मेंदूच्या पुढील पूर्वललाट भागाच्या मदतीने ती अमिग्डलाच्या प्रतिसादाला आवर घालते, आणि हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग तिला जागेशी बांधून ठेवतो.

मूळ स्मृतीवर थेट परिणाम करणे अगदीच अशक्य नाही. करीम नादेर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लेडू यांनी २००० मध्ये उंदरांना भीतीचा ध्वनी पुन्हा एकदा ऐकवून लगेच अमिग्डलामध्ये प्रथिननिर्मिती रोखणारे औषध दिले, तेव्हा आधी पक्की झालेली ती भीती दुसऱ्या दिवशी बरीच ओसरलेली आढळली. ध्वनी न ऐकवता तेच औषध दिलेल्या उंदरांची भीती मात्र कायम राहिली. आठवलेली स्मृती काही तास अस्थिर होते आणि तिला पुन्हा पक्के व्हावे लागते, असा याचा अर्थ लावला जातो. मात्र स्मृती जुनी किंवा फार प्रबळ असेल तर असा परिणाम साधणे कठीण जाते, त्यामुळे माणसांच्या उपचारांविषयी यावरून घाईने निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही.