छोट्या सेवाभावी संस्थांनी एकत्र येऊन निधी आणि साधनं टिकवायची असतील तर भागीदारी कशी करावी?

एकत्र निधी मागण्याआधी एकत्र रजिस्टर ठेवायला लागा. उत्तर खरं तर एवढंच आहे, पण तुम्ही लिहिलंय की तिन्ही संस्थांचे लोक एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात त्यामुळे लिखापढीची गरज वाटत नाही, ते वाचून राहवलं नाही.

आमची संस्था रुग्णसाहित्य देते. व्हीलचेअर, वॉकर, फाउलर बेड म्हणजे डोक्याकडून-पायाकडून वर करता येणारा पलंग, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, घरी पेशंट असेल त्यांना अनामत घेऊन वापरायला. दुसरी एक संस्था अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन ड्रेसिंग, आंघोळ वगैरे करायची. पेशंट बऱ्याचदा तेच. म्हणून दोघांनी मिळून एका ट्रस्टकडे प्रस्ताव टाकला, मंजूर झाला, सगळे खूश. पहिल्याच मीटिंगला मी म्हटलं, पेशंटची नोंद एकाच वहीत करूया, बेड आमचा गेला आणि सेवेला ताई तुमची गेली तर तो एकच पेशंट, दोन नाहीत, आणि साहित्याच्या दुरुस्तीचा खर्च कोण करणार तेही आत्ताच लिहूया. तर त्यांचे सेक्रेटरी, वयाने मोठे, सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो, सेवेत कसला हिशोब बघता? सगळी आपलीच माणसं." आमच्या कमिटीनेही माना डोलावल्या आणि मी संशयी ठरलो.

व्हायचं तेच झालं. अहवालात त्यांनी त्यांचे पेशंट लिहिले, आम्ही आमचे, आणि ट्रस्टच्या माणसाने दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर निम्म्याहून जास्त नावं तीच. कोणी खोटं बोललं नव्हतं, पण बाहेरच्याला ते फुगवलेले आकडेच वाटणार ना? पुढच्या वर्षीचा निधी थांबला. त्यात निधी होता फक्त खरेदीसाठी, त्यामुळे कॉन्सन्ट्रेटरचं आतलं सीव्ह, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा भाग, बदलायला पैसे कोणी द्यायचे यावर दोन्हीकडून पत्रापत्री सुरू झाली. मशीन चालू होतं, नळीतून हवाही यायची, पण ऑक्सिजनची प्युरिटी उतरलेली आणि समोर पिवळा दिवा. असं मशीन कोणाच्या घरी पाठवता येत नाही. पेशंटचा मुलगा दारात उभा आणि आम्ही दुरुस्तीच्या कागदावर सही कोणाची यावर फोन करतोय, याचा राग मला अजून येतो.

हिशोब मांडला की माणसं तुटतात हे मला अजिबात पटत नाही. ब्रिटनमधली डिझास्टर्स इमर्जन्सी कमिटी बघा, १९६३ पासून चालू आहे. ऑक्सफॅम, सेव्ह द चिल्ड्रन, ब्रिटिश रेड क्रॉस, एरवी त्याच देणगीदारांकडे जाणाऱ्या या संस्था, पण मोठी आपत्ती आली की सगळ्या मिळून एकच आवाहन करतात, आणि आलेल्या पैशात कोणाचा वाटा किती हे प्रत्येकाच्या क्षमतेवरून आधीच ठरलेलं असतं. भूकंप झाल्यावर वाटणीची चर्चा करत बसायची वेळ येत नाही.

साधनांचंही तसंच. अमेरिकेत फीडिंग अमेरिका ही फूड बँकांची, म्हणजे गरजूंसाठी देणगीतलं अन्न गोळा करणाऱ्या संस्थांची, संघटना देणगीत आलेलं धान्य वगैरे पूर्वी वजनाच्या हिशोबाने रांगेत ज्याचा नंबर त्याला द्यायची, मग ज्यांच्याकडे बटाटे पडून आहेत त्यांनाच आणखी बटाटे. २००५ पासून त्यांनी प्रत्येक फूड बँकेला गरजेप्रमाणे एक अंतर्गत चलन दिलं आणि ज्याला जे हवं त्यावर त्याने बोली लावायची. तुम्हाला बोली वगैरे नको, पण सारखं वाटणं आणि गरजेप्रमाणे वाटणं यात फरक आहे एवढं तरी तिघांत बोलून घ्या.

मी तुमच्या जागी असतो तर पहिलं वर्ष पैसे मागायचा विषयच काढला नसता. ज्याला देणगीदार सहसा पैसे देत नाही तेच आधी वाटून घ्यायचं, म्हणजे गोडाऊन, गाडी, दुरुस्तीचा टेक्निशियन, अकाउंट लिहिणारा माणूस. आम्ही नंतर एका दुसऱ्या छोट्या संस्थेबरोबर गोडाऊन आणि टेक्निशियन असेच वाटून घेतले, दोन पानांचा करार केला, आणि ते व्यवस्थित चाललंय. त्या दोन पानांत आहे काय तर वस्तू कोणाच्या मालकीची, दुरुस्ती कोणाकडे, पेशंट कोणी मोजायचा, आणि वेगळं व्हायचं झालं तर काय कोणाकडे जाणार. देणगीदारांच्या याद्या मात्र ज्याच्या त्याच्याकडेच, आणि हेही लिहिलेलं, कारण मनातली खरी भीती तीच असते आणि बोलत कोणी नाही.

ते सेक्रेटरी कामाला वाघ माणूस, मी त्यांना आजही मानतो. पण त्या मीटिंगमध्ये ते चुकले होते, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

हां, एक राहिलं. पेशंटची नावं एकत्र वहीत घ्यायची तर त्यांना विचारून घ्या. आणि भारतात परदेशी देणगीचा पैसा एका संस्थेने दुसरीला पुढे देणं २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर बंद आहे, त्यामुळे तिघांपैकी कोणाकडे तसला निधी येत असेल तर तो या सगळ्यापासून वेगळा ठेवा आणि करार करायच्या आधी सीएला दाखवा.